मनोविकार वॉर्डात आत्महत्या टाळायची तर: कसं विचारायचं, कुणाला सांगायचं, काय लिहायचं

मनोविकार वॉर्डात पहिली ड्युटी लागलेल्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न असतो आणि सहसा तो कुणी बोलून दाखवत नाही. माझ्या शिफ्टमध्ये एखाद्या रुग्णाने जिवाचं काही बरंवाईट केलं तर? प्रश्न रास्त आहे. वॉर्डात होणारे असे मृत्यू संख्येने थोडे असतात, पण ज्याला आपला जीव सांभाळणं जमत नाही म्हणून घरच्यांनी आपल्या हवाली केलेलं असतं, त्याच माणसाचा तो मृत्यू असतो. नव्याने रुजू झालेल्या सिस्टर, ब्रदर, निवासी डॉक्टर, समुपदेशक आणि वॉर्डातले मावशी-मामा अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. खिडक्या, दारं, कड्या, बाथरूम यांच्या सुरक्षिततेची तपासणी यादी वॉर्डात असते. ती पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि खरोखर फिरून तपासा. इथे मात्र मी फक्त बोलण्याबद्दल सांगणार आहे.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. नैराश्यासाठी दाखल झालेले एक गृहस्थ होते, पन्नाशीतले, अबोल. एका सकाळी त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या मुलाकडून वाचायला घेतलेलं पुस्तक परत केलं. अर्ध्यावर घातलेली खूण तशीच होती. खाट आवरणाऱ्या मावशींनी ते पाहिलं. दुपारी त्यांना घरून फोन आला. जवळ उभ्या असलेल्या मामांच्या कानावर ‘मग आता माझी काय गरज’ एवढंच वाक्य पडलं. झोपेच्या गोळीने काही होत नाही, असं ते डॉक्टरांना राऊंडच्या वेळी म्हणाले होते. आणि संध्याकाळी औषधं देताना मला म्हणाले, “आज बरं वाटतंय सिस्टर.” मी फाईलमध्ये लिहिलं: मूड सुधारतोय. त्या पहाटे त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजारचा मुलगा जागा होता, त्याने हाका मारल्या म्हणून ते वाचले. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे एकत्र बसलो, तेव्हा ते पुस्तक, तो फोन, ती गोळी आणि माझं ते वाक्य पहिल्यांदाच एका टेबलावर आलं. चौघांपैकी कुणीही कामात हयगय केली नव्हती. चौघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं.

खालच्या सगळ्या पायऱ्या त्या टेबलासाठी आहेत. आम्ही तिथे दुसऱ्या दिवशी बसलो. बसायला हवं होतं आदल्या संध्याकाळी.

पायरी १: दाखल झाल्यावरचा पहिला तास

दाखल झाल्यानंतरचे पहिले काही दिवस, विशेषतः पहिला आठवडा, जास्त जोखमीचा असतो. माणूस आधीच खचलेला असतो, जागा अनोळखी असते आणि आल्या आल्या आपण त्याच्या काही वस्तू काढून घेतो. त्या मुकाट्याने पिशवीत टाकू नका. “तुमच्या आणि इथल्या सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठी या वस्तू आमच्याकडे ठेवतो, यादी केली आहे, ही बघा, जाताना परत मिळतील,” एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. ते न सांगितल्यास झडती घेतल्यासारखं वाटतं, आणि ज्याची झडती झाली तो आपल्या मनातलं सांगत नाही.

खुर्ची ओढून बसा. स्वतःचं नाव सांगा, आज रात्री ड्युटीवर कोण आहे ते सांगा, रात्री दोन वाजता मन फार अस्वस्थ झालं तर नेमकं कुणाला उठवायचं ते दाखवा. “काही लागलं तर सांगा” हे वाक्य आपण फार सहज टाकतो. खचलेल्या माणसाला ‘काही लागणं’ म्हणजे पाणी, पांघरूण असंच वाटतं. म्हणून स्पष्ट बोला: “मरणाचे विचार आले, जीव घाबरला, तर मध्यरात्रीही या टेबलापाशी या. आम्हाला त्रास होत नाही, आम्ही त्यासाठीच आहोत.”

नातेवाइकांशी वेगळं बोला. रुग्णाच्या समोर ते बरंच गिळतात. आधी कधी प्रयत्न झाला होता का, केव्हा, त्याआधीच्या दिवसांत काय घडलं होतं, गेल्या पंधरवड्यात घरात काय झालं, कुठली तारीख, कुठला निकाल, कुठली सुनावणी जवळ आली आहे का, हे त्यांना विचारा. गोपनीयतेचा मुद्दा इथे नेहमी निघतो. रुग्णाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांना देण्यावर बंधनं असतात. घरचे जे सांगतात ते ऐकून घेण्यावर कुठलंही बंधन नाही. मी नव्या मुलींना हे पुन्हापुन्हा सांगते, कारण ‘रुग्णाने परवानगी दिली नाही’ म्हणून दारात उभ्या असलेल्या आईचं ऐकूनच न घेतल्याचं मी पाहिलं आहे.

रुग्णाची भाषा आपल्याला नीट येत नसेल तर दुभाष्या बाहेरचा घ्या, मुलगा किंवा नवरा नको. ज्यांच्यापासून लपवायचं असतं, त्यांच्याच तोंडून ते विचारलं जाता कामा नये.

पायरी २: आत्महत्येबद्दल सरळ विचारा

‘विचारलं तर उगाच डोक्यात भरेल’ ही समजूत अजूनही ऐकू येते. ती खोटी आहे. यावर अनेक अभ्यास झाले आहेत आणि विचारल्याने धोका वाढतो असं त्यांतून दिसलेलं नाही. उलट बऱ्याच रुग्णांना हायसं वाटतं, कारण तो शब्द पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी उच्चारलेला असतो.

विचारण्यातली खरी चूक वेगळीच आहे आणि ती आपल्या भाषेत लपलेली आहे. आपण विचारतो, “तसलं काही मनात येत नाही ना?” या शेवटच्या ‘ना’ने उत्तर ठरवूनच टाकलेलं असतं. समोरच्याला कळतं की यांना ‘नाही’ हवं आहे, आणि तो ते देऊन टाकतो. ‘तसलं’ या शब्दाने तर ती बोलू नये अशी गोष्ट होऊन बसते. ‘नाही ना’ आणि ‘तसलं’ हे दोन शब्द तोंडातून काढून टाकलेत, तरी अर्धं काम झालं.

रुग्णही स्वतःहून ‘आत्महत्या’ म्हणत नाहीत. जीव नकोसा झालाय. झोपलो की उठूच नये असं वाटतं. सगळ्यांना माझ्यातून मोकळं करावं. आता काय राहिलंय. माझ्या मागे त्यांचं बरं होईल. अशी वाक्यं बोलण्याच्या ओघात येतात आणि आपण ‘असं बोलू नये हो’ म्हणून ती परतवतो. तिथेच थांबायला हवं.

एका संभाषणाचा भाग देते. तपशील बदलले आहेत.

“काका, आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं का कधी?”

“वाटतं कधीकधी.”

“कधीकधी म्हणजे? कालचंच सांगा.”

“काल रात्रभर वाटत होतं.”

“तेव्हा आत्महत्या करावी, जीव संपवावा असा विचार आला?”

ते गप्प झाले. मीही गप्प बसले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

“आला.”

“कसं करायचं ते मनात ठरवलंय?”

“थोडंफार.”

“आणि आज, इथे असताना, ते करावंसं वाटतंय?”

“दिवसा नाही. संध्याकाळ झाली की वाटतं.”

या शेवटच्या वाक्याने आम्हाला त्या दिवशीचं काम नेमून दिलं. कुणीतरी संध्याकाळी त्यांच्याजवळ असायला हवं होतं. ती शांतता मी भरून काढली असती, तर ते वाक्य कधीच आलं नसतं.

प्रश्नांचा हा क्रम मनाने रचलेला नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेली ‘कोलंबिया’ नावाची मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात मरावंसं वाटणं, मग जीव संपवण्याचा विचार, मग तो कसा, मग तसं करण्याचा इरादा, मग नक्की बेत, आणि प्रत्यक्ष केलेली तयारी किंवा प्रयत्न, अशा पायऱ्यांनी विचारलं जातं. तुमच्या वॉर्डात ती असेल तर शिकून घ्या. पण कागद मांडीवर ठेवून चौकोन भरत विचारू नका. आधी बोला, नंतर भरा.

‘हो’ आलं की काय करायचं? पहिलं म्हणजे चेहरा स्थिर ठेवायचा. “हे सांगितलंत, बरं केलंत,” म्हणायचं. मग हे आपण कुणाला सांगणार ते त्यालाच सांगायचं: “ही गोष्ट मी माझ्यापाशी ठेवणार नाही. डॉक्टरांना आणि संध्याकाळच्या सिस्टरांना सांगणार आहे, म्हणजे तुम्ही एकटे राहणार नाही.” ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका, कितीही विनवलं तरी. आणि उपदेश करू नका. “मुलांकडे बघा, त्यांचं काय होईल” हे आपण मायेनेच म्हणतो. पण जो आधीच स्वतःला घरावरचं ओझं समजतो, त्याच्या ओझ्यात त्याने आणखी भर पडते. मुलांचा विषय त्याच्या तोंडून येऊ द्या.

आणखी एक जुनी पद्धत म्हणजे ‘मी जिवाचं बरंवाईट करणार नाही’ असं लिहून सही घेणं. अशा हमीपत्राने जीव वाचतात याला पुरावा नाही. कागदामुळे कर्मचारी मात्र निर्धास्त होतात, आणि सही केलेला माणूस नंतर विचार आले तरी सांगायला कचरतो. हे करू नका.

पायरी ३: ‘नाही’ हे उत्तर आल्यावर

वॉर्डात असताना किंवा डिस्चार्जनंतर लगेच आत्महत्या केलेल्या ७६ रुग्णांच्या फाईली अमेरिकेत तपासल्या गेल्या. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७८ टक्के रुग्णांनी शेवटच्या नोंदलेल्या बोलण्यात आत्महत्येचा विचार नसल्याचं सांगितलं होतं. त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही लक्षात ठेवा: शेवटच्या आठवड्यात ७९ टक्के रुग्णांमध्ये तीव्र चिंता किंवा कमालीची अस्वस्थता दिसत होती. म्हणजे तोंडाने नाही म्हणणाऱ्यांचं शरीर काहीतरी सांगत होतं.

म्हणून ‘नाही’ ऐकलं की कानांचं काम संपतं आणि डोळ्यांचं सुरू होतं. एका जागी बसवत नाही, हात चोळणं चालू आहे, येरझारा घालतोय, दोन रात्री झोप नाही, ताटाला हात लावला नाही, ही सगळी सांगण्यासारखी माहिती आहे. मनोविकारावरच्या काही औषधांनी पायांत विलक्षण बेचैनी येते, अंगात किडे वळवळल्यासारखं होतं. डॉक्टर तिला अ‍ॅकाथिसिया म्हणतात. रुग्णाला ती असह्य होते आणि त्या भरात तो जिवावर उदार होऊ शकतो. औषध किंवा मात्रा बदलून ती कमी करता येते, पण डॉक्टरांना कळलं तरच. येरझारा पाहणारे मामा असतात आणि औषध लिहिणारे डॉक्टर. मधला पूल तुम्ही आहात.

अचानक आलेल्या शांततेबद्दलही विचारा. कालपर्यंत तळमळणारा माणूस आज अगदी निवांत दिसतोय, याचं कारण औषधाला गुण येणं असू शकतं. मनाशी काही पक्कं ठरवलेलं असणंही असू शकतं. अंदाज बांधत बसू नका. “आज बरं वाटतंय म्हणालात. कालपासून काय बदललं?” असं विचारा. त्या रात्री मी एवढं विचारलं नाही.

‘जास्त जोखीम’, ‘कमी जोखीम’ हे शिक्के फाईलवर असतील, ते वाचा, पण त्यांवर विसंबू नका. १९८३ सालच्या एका अभ्यासात दाखल झालेल्या ४,८०० माजी सैनिकांपैकी पुढे कोण आत्महत्या करेल हे आधी ओळखता येतं का, ते तपासलं होतं. ६७ जणांनी आत्महत्या केली, आणि ते ६७ कोण हे उपयोगी पडेल इतक्या अचूकपणे कुठल्याच हिशेबाने ओळखता आलं नाही. तेव्हा ‘कमी जोखीम’ असलेल्या रुग्णालाही आज, या शिफ्टला, पुन्हा विचारायचं.

पायरी ४: लक्ष ठेवायचं म्हणजे सोबत करायची

ऑब्झर्व्हेशनची ड्युटी सगळ्यात नव्या माणसाला मिळते, आणि ती सगळ्यात अवघड असते. ठरावीक अंतराने फेरी असेल तर ती घड्याळाच्या ठोक्याला घालू नका, वेळ मागेपुढे करा. फेरी कधी येते हे रुग्णांना पाठ होतं. ज्याच्याबद्दल खरी काळजी वाटते त्याला दर पंधरा मिनिटांची फेरी पुरत नाही. त्याच्याजवळ सलग माणूस लागतो, आणि तो मागण्याची जबाबदारी ज्याला काळजी वाटली त्याची.

जवळ बसल्यावर मोबाईल खिशात. दाराशी खुर्ची टाकून नुसतं पाहत बसलं की रुग्णाला पहारा वाटतो. दोन शब्द बोला, पत्ते खेळा, त्याला बोलायचं नसेल तर “मी इथे बसते, बोलायलाच हवं असं नाही” म्हणा. आणि तासाभराने दुसरा येईल तेव्हा खुर्ची सोपवून निघून जाऊ नका. रुग्णासमोरच सांगा: “हे ब्रदर आता बसतील, आपलं जे बोलणं झालं ते मी त्यांना सांगितलंय.” एकच दुःख दिवसातून सहा जणांना नव्याने सांगावं लागलं, तर सातव्याला कुणी सांगत नाही.

पायरी ५: शिफ्ट बदलताना

सगळ्यात जास्त माहिती इथे गळते, म्हणून इथे जरा थांबते.

मी लाखवेळा ऐकलेला हँडओव्हर असा असतो: “सात नंबर, नैराश्य, चौथा दिवस, औषधं दिली, जेवले, विशेष काही नाही.” यात खोटं काहीच नाही, आणि यातून पुढच्या सिस्टरला काही कळतही नाही.

आता हाच हँडओव्हर असा ऐका. “सात नंबरचे काका. नैराश्य, चौथा दिवस, दोन वर्षांपूर्वी एकदा प्रयत्न केला होता. आज दुपारी घरून फोन आला, त्यानंतर जेवले नाहीत. फोनवर ‘माझी काय गरज’ म्हणाले, मामांनी ऐकलं. मी सहा वाजता विचारलं, मरणाचे विचार नाहीत म्हणाले, पण हात चोळत होते, नजरेला नजर देत नव्हते. मला सकाळपेक्षा जास्त काळजी वाटतेय. डॉक्टरांना साडेसहाला सांगितलंय, आठच्या आत बघायला येणार आहेत, नाही आले तर पुन्हा फोन करायचा. तोवर त्यांना आपल्या टेबलासमोरच्या खाटेवर घेतलंय. नऊला त्यांच्या मुलाचा फोन येईल, तेव्हा कुणीतरी जवळ असू दे.” हे सांगायला मिनिटभर पुरतं.

परिस्थिती काय, पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं आणि आता काय करायला हवं, अशी ही चौकट आहे. एसबार या नावाने ती शिकवतात. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून ती रुग्णालयांत आली. आय-पास नावाची दुसरी पद्धत आहे, तिच्यात शेवटी ऐकणाऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं असतं. ९ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत ती वापरल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. विभाग वेगळा असला तरी गळती सगळीकडे सारखीच असते. कुठलीही चौकट घ्या, पण ‘मला काय वाटतं’ हा भाग गाळू नका. नवे लोक तोच गाळतात, कारण आपलं वाटणं सांगायला संकोच वाटतो.

मावशी आणि मामांना हँडओव्हरला बोलवा. सगळ्यांना शक्य नसेल तर शिफ्ट संपायच्या आधी त्यांना एकच प्रश्न विचारा: “आज कुणाचं काही वेगळं वाटलं का?” खाट झाडताना, ताट उचलताना, अंघोळीला नेताना ते जे पाहतात ते आपल्याला राऊंडमध्ये कधीच दिसत नाही. त्यांनी सांगितल्यावर “बरं झालं सांगितलंत” म्हणा आणि त्यावर काय केलं तेही नंतर कळवा. एकदा ‘तुम्ही तुमचं काम करा’ असं ऐकलेल्या मावशी पुन्हा सांगायला येत नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णांनाही हेच लागू. कुणाची तक्रार करायची नाही, पण कुणाची काळजी वाटली तर सांगायचं, हे वॉर्डच्या बैठकीत त्यांना मोकळेपणी सांगा.

वाईट बातमीची आगाऊ कल्पना एकमेकांना द्या. इंग्लंडमध्ये ‘सेफवॉर्ड्‌स’ नावाची दहा सवयींची पद्धत १५ रुग्णालयांच्या ३१ वॉर्डांत तपासली गेली. तिथे भांडणं, स्वतःला इजा, पळून जाणं यांसारख्या घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. त्या दहांतली एक सवय मला फार मोलाची वाटते: रुग्णाला कुठली वाईट बातमी कळण्याची शक्यता आहे हे आधी हेरायचं आणि ती कळेल तेव्हा जवळ कोण असेल ते ठरवून ठेवायचं. सुट्टी नाकारली जाणं, भेटायला कुणी न येणं, घटस्फोटाची नोटीस, नोकरीचं पत्र. बातमी आपल्या हातात नसते, सोबत असते.

आता वरिष्ठांशी बोलण्याविषयी. तुम्ही डॉक्टरांना फोन केला आणि उत्तर आलं, “सकाळी बघू.” काळजी कमी झाली नसेल तर फोन ठेवू नका. “सर, मला हे सकाळपर्यंत थांबण्यासारखं वाटत नाही. आज रात्री तुम्ही येऊन बघावं अशी माझी विनंती आहे,” असं स्पष्ट म्हणा. तरीही नाही म्हणाले तर “मी सिस्टर इन्चार्जना कळवते आणि आपलं बोलणं नोंदवते,” हेही त्यांनाच सांगा. यात उद्धटपणा नाही. आणि डॉक्टर असाल तर, रात्री दोन वाजता आलेला असा फोन अनाठायी ठरला तरी चिडू नका. तुमच्या एका खेकसण्याने पुढचे दहा फोन येत नाहीत.

पायरी ६: लिहिणं

थोडक्यात सांगते. ‘मूड सुधारतोय’, ‘सहकार्य करतो’, ‘विशेष काही नाही’ ही वाक्यं लिहायची नाहीत. रुग्णाचे शब्द अवतरणात लिहा, जे दिसलं ते लिहा, वेळ लिहा, कुणाला कळवलं आणि त्यांनी काय सांगितलं ते लिहा. ‘विचारलं, नाही म्हणाले’ एवढंच असेल तर कसं विचारलं तेही लिहा. आणि फाईलमध्ये लिहिलं म्हणजे सांगितलं असं समजू नका. तातडीची गोष्ट आधी तोंडी, मग कागदावर. ‘लक्ष वेधण्यासाठी करतो’ हे तर कधीच लिहू नका. हा शेरा एकदा पडला की पुढचे सगळे त्याच चष्म्यातून पाहतात, आणि रुग्णाने लक्ष मागितलं तरी ते त्याला मिळत नाही.

प्रयत्न झालाच तर

त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत, बाकीच्या रुग्णांना एकत्र बसवून साध्या शब्दांत सांगा. काय झालं ते, कसं झालं ते नाही. त्यांना ते कळलेलं असतंच; आपण गप्प राहिलो तर अफवा बोलतात. ज्याला त्याने हादरा बसला असेल त्याला वेगळं गाठून आत्महत्येबद्दल पुन्हा विचारा. कुटुंबाला फोन वरिष्ठांनी स्वतः करावा, टाळाटाळीच्या भाषेत नाही. आणि ड्युटीवर असलेल्या माणसाला त्या रात्री एकटं घरी पाठवू नका. दोष कुणाचा हे शोधायला बसलात तर पुढच्या वेळी कुणी काही सांगणार नाही. कुठली माहिती कुठे अडली ते शोधा. हे वाचताना स्वतःच्याच मनात असे विचार येत असल्याचं जाणवलं, तर आजच विश्वासाच्या एखाद्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. या कामात तसं होतं, आणि त्यावर उपचार आहेत.

पायरी ७: घरी पाठवताना

डिस्चार्ज म्हणजे सुटलो, असं आपल्याला वाटतं. आकडे उलट सांगतात. मनोविकार रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले तीन महिने सगळ्यात धोक्याचे असतात, आणि त्यातही पहिले काही दिवस. इंग्लंडमध्ये पूर्वी सात दिवसांच्या आत रुग्णाशी संपर्क करण्याचा दंडक होता, तो आता ७२ तासांवर आणला आहे.

घरी जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी रुग्णासोबत बसून सुरक्षा योजना लिहा. स्टॅन्ली आणि ब्राऊन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१२ साली मांडलेली पद्धत सोपी आहे. माझं बिघडतंय हे मला कशावरून कळतं? तेव्हा एकट्याने काय केलं की थोडं निभावतं? कुठे गेलं, कुणासोबत बसलं की मन दुसरीकडे जातं? घरातल्या कुणाला सरळ सांगता येईल? कुठल्या डॉक्टरला, कुठल्या हेल्पलाईनला फोन करायचा? आणि घरात धोक्याचं जे असेल ते कोण, कधी, कुठे हलवणार? हे त्याच्या शब्दांत, त्याच्या अक्षरात. एकाने लिहिलं होतं, ‘मी दाढी करायची सोडतो तेव्हा समजायचं.’ अशी खूण आपल्याला सुचली नसती. तातडीच्या विभागात येणाऱ्यांना अशी योजना आणि मागाहून फोन दिल्यावर पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालं.

शेवटचा प्रश्न, धोक्याच्या वस्तू हलवण्याचा, रुग्णाच्या संमतीने घरच्यांसमोर बोला. ‘काळजी घ्या’ असं मोघम सांगू नका. कोण करणार त्याचं नाव आणि केव्हा ते विचारा, आणि झाल्यावर कळवायला सांगा.

मग फोन. आत्महत्येचा धोका असलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांपैकी काहींना अमेरिकेत पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली गेली. पत्रात काहीच मागितलेलं नसायचं, ‘आपली आठवण आहे, सगळं बरं चाललं असेल अशी आशा आहे’ अशा अर्थाचे दोन-चार शब्द असत. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमधल्या आत्महत्या कमी होत्या. तेव्हा फोनवर उलटतपासणी नको. रुग्ण तुम्हाला ओळखत असेल तर तुम्हीच करा. “मी वॉर्डातून सिस्टर बोलतेय. घरी पोचल्यावर पहिली रात्र कशी गेली, विचारावं म्हटलं.” झोप, गोळ्या, घरातलं वातावरण, आणि मग नेहमीसारखंच सरळ: “मरणाचे विचार परत आले का?” पुढच्या भेटीचा दिवस आणि वेळ त्याच्याकडून वदवून घ्या.

फोन उचलला नाही तर तासाभराने पुन्हा करा. तेव्हाही नाही तर डिस्चार्जच्या कागदावर संमतीने लिहून घेतलेल्या दुसऱ्या नंबरवर करा. तिथेही कुणी नसेल तर डॉक्टरांना कळवा, वेळ नोंदवा, आणि शिफ्ट बदलताना पुढच्या सिस्टरला नाव घेऊन सांगा: यांना फोन लागलेला नाही, तुम्ही आठ वाजता पुन्हा लावा.